एकच माप

"अमुक पुरुष खरोखरच होऊन गेला काय?" हा प्रश्न ज्या सुरांत विचारला जातो त्या सुरावरूनच विचारणाराचें अर्धें मन कळून येतें. उलटतपासणी करणाऱ्या वकिलाचा सूर एक, आणि परगांवीं गेलेल्या भावाची चौकशी करणाऱ्या बहिणीचा सूर एक. शब्द तेच असतात. पण पहिल्यास 'नाहीं' हें उत्तर हवें असतें, दुसरीस 'होय' हें हवें असतें. इतिहास शिकविण्याचा धंदा पतकरलेल्या माणसावर हे दोन्ही सूर आळीपाळीनें येऊन आदळतात, आणि दोघांनाही एकच उत्तर देणें हा त्याचा धर्म ठरतो. हा धर्म सांगावयास सोपा व आचरावयास कठीण आहे. कारण देणाराच्या स्वतःच्या मनांतही तो वकील व ती बहीण अशीं दोघें बसलेलींच असतात.

ख्रिस्ती धर्माच्या पुराव्याविषयींचा वाद मराठी मुलखाला नवा नाहीं. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबोवा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, तेव्हां प्रश्न मुख्यतः धर्म खरा कीं खोटा हा होता. येशू झाला कीं नाहीं, हा प्रश्न युरोपांतील टीकाशास्त्राबरोबर पुढें आला. स्ट्राउस ह्या जर्मन पंडिताचें येशूचरित्र १८३५ सालीं निघालें, रेनान ह्या फ्रेंच ग्रंथकाराचें १८६३ सालीं. आणि १९०९ सालीं आर्थर ड्र्यूज ह्यानें येशू ही निव्वळ पुराणकथा होय असें प्रतिपादन केलें. इंग्रजी शिकलेल्या आमच्या वाडवडिलांपैकीं पुष्कळांना हीं शस्त्रें आयतींच मिळाल्यासारखीं वाटलीं. पण शस्त्राला घर कळत नाहीं. जें शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर चालतें तें आपल्याही देव्हाऱ्यावर चालतें, हें थोड्यांच्याच ध्यानांत आलें.

मी गेलीं पंचवीसेक वर्षें नंदुरबार जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आहें. उत्तरेस सातपुडा व त्यापलीकडे नर्मदा, मधून तापी, दक्षिणेस नवापूरकडील जंगलाचा मुलूख, अशी ह्या जिल्ह्याची ठेवण. १ जुलै १९९८ रोजीं तो धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. जुन्या कागदांत हा सारा भाग पश्चिम खानदेशांत मोडतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन मिशनरी ह्या मुलखांत येऊन राहिले, आणि त्यांच्या कार्यांतून उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळ्या आज विशेषतः नवापूरच्या बाजूस नांदत आहेत.

अशाच एका मंडळींतला एक विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत होता. मावची कुटुंबांतला, घरांत पदवीपर्यंत पोंचलेला पहिलाच मुलगा. त्यानें पाळकाचें शिक्षण घ्यावें अशी त्याच्या वडिलांची इच्छा होती, त्याची स्वतःची ओढ शिक्षक होण्याकडे होती, व कोणत्या वाटेनें जावयाचें हें त्या वर्षाअखेर ठरावयाचें होतें. त्याच सुमारास वसतिगृहांतल्या कोणा मित्रानें त्याच्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पाठविला. येशू नांवाचा मनुष्य कधीं जन्मलाच नाहीं, रोमच्या पाद्र्यांनीं तो रचला, त्याचा एकही पुरावा जगांत नाहीं, असा त्याचा आशय. आणि शेवटीं हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पोरगा तो मजकूर घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, हें खरें असेल तर मला सांगा. आजीला कळूं देणार नाहीं मी. तिनेंच मला वाढवलें आहे. पण मला सांगा. खोट्याच्या पायावर उभें राहून उद्यां मी लोकांना काय सांगणार?"

मीं त्याला आठ दिवसांनीं येण्यास सांगितलें. मधल्या काळांत शिक्षकांच्या खोलींत ही गोष्ट निघाली, तेव्हां मला दोन सल्ले मिळाले. एक गृहस्थ म्हणाले, "बरा सांपडला आहे, काय तें एकदां सांगून टाका, म्हणजे एक घर तरी परत येईल." दुसरे म्हणाले, "कशाला पोराचें मन मोडतां? होय म्हणा आणि मोकळे व्हा." पहिल्यांना सत्याचा उमाळा आला होता व दुसऱ्यांना दयेचा, पण पुरावा काय आहे, हें दोघांपैकीं एकानेंही विचारलें नाहीं.

पुरावा आहे तो असा. सर्वांत जुना कागद म्हणजे पौलाचीं पत्रें. तीं इसवी सनाच्या पन्नास ते साठ ह्या सुमाराचीं, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आंतबाहेरचीं आहेत. पौलानें येशूला त्याच्या हयातींत पाहिलें नव्हतें. पण आपण यरुशलेमास जाऊन पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलों आणि प्रभूचा भाऊ याकोब यासही भेटलों, असें तो गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत सांगतो. ज्या मनुष्याच्या सख्ख्या भावाची गांठ पडते तो मनुष्य निव्वळ कल्पनेंतला होता, असें म्हणणाऱ्यास बरेंच द्राविडी प्राणायाम करावे लागतात. त्यानंतर शुभवर्तमानें: मार्काचें सुमारें सत्तर सालचें, बाकीचीं त्यापुढल्या तीस-चाळीस वर्षांतलीं. येशू अरामी भाषा बोलत असे. शुभवर्तमानें लिहिलीं गेलीं ग्रीकमध्यें. म्हणजे मूळ बोल व लिखित शब्द यांमध्यें एक भाषा व एक पिढी उभी आहे.

बाहेरचे साक्षीदार थोडे आहेत. ज्यू इतिहासकार जोसीफस यानें ९३ सालच्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत येशूचा उल्लेख दोनदां येतो. त्यांपैकीं मोठ्या उताऱ्यांत 'तो ख्रिस्त होता' असें वाक्य आहे. धर्मनिष्ठ ज्यू असें लिहिणार नाहीं. शिवाय तिसऱ्या शतकांतील ओरिजेन हा ख्रिस्ती पंडितच जोसीफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता असें नमूद करतो. तेव्हां त्या उताऱ्यांत पुढें कोणा भाविक लेखकानें आपल्या पदरचें घातलें, ह्याविषयीं फारसा मतभेद नाहीं; मूळचें कांहीं होतें काय व किती, एवढाच वाद आहे. दुसरा उल्लेख याकोबाच्या वधाच्या ओघांत आला आहे. 'ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ' एवढाच तो आहे, आणि बहुतेक विद्वान तो खरा धरतात. रोमन इतिहासकार टॅसिटस सुमारें ११६ सालीं सांगतो कीं, ह्या पंथाचा मूळ पुरुष टायबेरियस बादशहाच्या अमदानींत पिलाताच्या हुकुमानें मारला गेला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, म्हणून त्याची साक्ष भाविकाची नव्हे. पण ती घटनेनंतर ऐंशी-पंचाऐंशी वर्षांची आहे, म्हणून ती प्रत्यक्षदर्शीचीही नव्हे. तो पिलाताचा हुद्दा 'प्रोक्युरेटर' असा देतो. १९६१ सालीं कैसरियाच्या उत्खननांत पिलाताच्या नांवाचा शिलालेख सांपडला, त्यांत तो 'प्रीफेक्ट' आहे. म्हणजे टॅसिटसनें आपल्या काळचा शब्द मागच्या काळाला लावला. दफ्तर समोर ठेवून लिहिणारा बहुधा अशी गफलत करीत नाहीं.

येथें मजकूरवाला मित्र विचारील, रोमच्या दफ्तरांत खटल्याचा कागद कां नाहीं? ह्याचें उत्तर असें कीं, पिलाताच्या वेळच्या त्या प्रांतांतल्या कोणत्याच साध्या खटल्याचा कागद आज उरलेला नाहीं. कागद नसणें हा पुरावा केव्हां होतो? कागद असावयास हवा होता व टिकावयास हवा होता, असें आधीं सिद्ध केल्यावर. फादर स्टीफन्स यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें, १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापलें गेलें; त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून तो ग्रंथ वांचला. छापखान्यांतून निघालेल्या ग्रंथाची ही गत, तर दोन हजार वर्षांपूर्वीं सुळावर चढविलेल्या एका सुताराच्या पोराचा कागद मागणें हें जरा श्रीमंती मागणें आहे.

सर्वांत वजनदार पुरावा मात्र निराळ्याच जातीचा आहे. अनुयायी आपल्या गुरूविषयीं जें रचतात तें गुरूला शोभेल असेंच रचतात. वधस्तंभावरचें मरण हें त्या काळीं गुलामांचें व बंडखोरांचें, अत्यंत लाजिरवाणें मरण होतें. ज्याला राजा म्हणावयाचें त्याला असें मरण कोण मुद्दाम चिकटवील? तीच गोष्ट योहानाकडून घेतलेल्या बाप्तिस्म्याची. शिष्यपणा घेणारा लहान ठरतो, म्हणून शुभवर्तमानकारांची तेथें तारांबळ उडालेली दिसते. आपल्याकडचें उदाहरण घ्यावें. ज्ञानेश्वरांचे वडील संन्यास घेऊन पुन्हां गृहस्थाश्रमांत आले व म्हणून मुलांना वाळीत पडावें लागलें, ही हकीकत कोणा भाविकानें हौसेनें रचली असेल हें संभवत नाहीं. ती होती म्हणूनच सांगावी लागली. अडचणीची आठवण ही बहुधा खरी आठवण असते.

एवढ्या सामग्रीवरून येशू नांवाचा एक मनुष्य गालीलांत होऊन गेला, त्यानें योहानापासून बाप्तिस्मा घेतला, त्याच्याभोंवतीं शिष्य जमले व पिलाताच्या अमदानींत त्याला वधस्तंभावर देण्यांत आलें, इतकें बहुतेक सर्व इतिहासकार मान्य करतात. त्यांत श्रद्धा नसलेलेही आहेत. बार्ट एर्मन ह्या अमेरिकन पंडितानें, स्वतः ख्रिस्ती श्रद्धा सोडल्यानंतर, २०१२ सालीं ह्याच मुद्द्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. पण ह्यापलीकडे पाऊल टाकलें कीं जमीन मऊ लागते. मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या हयातींत येशू जन्मला. हेरोद सामान्यतः इसवी सनापूर्वीं ४ ह्या वर्षीं वारला असें मानतात. लूक म्हणतो क्विरिनियसच्या खानेसुमारीच्या वेळीं जन्मला. ती खानेसुमारी इसवी सन ६ मधली. दोघांत किमान नऊ वर्षांचें अंतर आहे, आणि तें बुजविण्याच्या खटपटी अजून यशस्वी झालेल्या नाहींत. चमत्कार व पुनरुत्थान यांविषयीं इतिहास इतकेंच म्हणूं शकतो कीं, शिष्यांनीं तसें फार लवकर व फार निष्ठेनें मानलें. तें घडलें कीं नाहीं, हें सांगण्याचें साधन इतिहासाच्या पेटींत नाहीं.

ह्या पेटींतलीं साधनें कशीं चालतात हें दाखविण्यास दोन कथा फार उपयोगी आहेत, व दोन्ही आपल्या देशाशीं गुंतलेल्या आहेत. पहिली थोमा प्रेषिताची. तिसऱ्या शतकांतील एका सिरियाक ग्रंथांत अशी कथा आहे कीं, थोमा सुतार म्हणून विकला जाऊन हिंदुस्थानांत गोंडोफरस राजाकडे आला; राजानें राजवाड्यासाठीं दिलेला पैसा त्यानें गरिबांत वांटला व 'आपला राजवाडा स्वर्गांत बांधला आहे' असें सांगितलें. ह्या नांवाच्या राजाची गोष्ट दीर्घकाळ कपोलकल्पित वाटत असे. एकोणिसाव्या शतकांत अफगाणिस्तान व पंजाब ह्या भागांत त्याच्या नांवाचीं नाणीं निघालीं, तख्त-इ-बाहीचा शिलालेख सांपडला, आणि तो पहिल्या शतकांतला खरा राजा ठरला. भाविकांना आनंद झाला. पण राजा खरा ठरला म्हणून कथा खरी ठरते काय? डोंगर खरा असला म्हणून डोंगरावरच्या राक्षसाची गोष्ट खरी होत नाहीं. तथापि ज्या टीकाकारांनीं राजाच खोटा ठरविला होता त्यांनाही ह्यांत शिकण्यासारखें आहे: 'सांपडलें नाहीं' आणि 'नव्हतें' हीं दोन वाक्यें एक नव्हत.

ह्याच मापानें आपल्या कल्याण बंदराकडे पहावें. सहाव्या शतकांतील कॉस्मस हा प्रवासी लेखक 'कल्लियाना' येथें ख्रिस्ती लोक असल्याचें व त्यांचा बिशप इराणांतून नेमला जात असल्याचें लिहितो. बहुतेक अभ्यासक हें कल्याणच समजतात. हा पुरावा बळकट. पण बर्थलमय प्रेषित स्वतः कोंकणच्या किनाऱ्यावर उतरला होता, असें जें कांहीं जण म्हणतात त्याला आधार चौथ्या शतकांतील युसेबियसच्या एका ऐकीव हकीकतीचा आहे. त्या हकीकतींत 'इंडिया' हा शब्द आहे, आणि ग्रीक-रोमन लेखक अरबस्तान व हबसाण यांनाही पुष्कळदां तो शब्द लावीत. तेव्हां कल्याणांत ख्रिस्ती वस्ती होती हें म्हणावें, प्रेषित आला होता हें म्हणूं नये.

दुसरी कथा याहून नवलाची. मध्ययुगीन युरोपांत संत जोसाफाट यांचें चरित्र घरोघर ऐकलें जाई. हिंदुस्थानांतील एका राजाचा हा पुत्र. तो विरक्त होईल असें भाकित झाल्यामुळें बापानें त्याला दुःख दिसूं नये म्हणून महालांत कोंडलें. पण त्यानें रोगी, वृद्ध व मृत्यु हीं पाहिलींच, आणि राज्य सोडून तो साधु झाला. वाचकांनीं ही कथा ओळखली असेलच. १६१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत दिओगु दु कोतु ह्या पोर्तुगीज बखरकारानें साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांचें वर्णन केलें आहे. हीं लेणीं एका राजानें आपल्या मुलाला जगापासून जपण्यासाठीं कोरलीं, अशी तेथील लोकांची दंतकथा तो देतो, आणि ही तर आमच्या संत जोसाफाटाचीच गोष्ट, हें त्याच्या तेव्हांच ध्यानांत आलें. फक्त त्याचा तर्क उलट्या दिशेनें गेला. हिंदी लोक ज्याला बुद्ध म्हणून भजतात तो मूळचा आमचा संत असावा, असें त्याला वाटलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पंडितांनीं धागा सरळ केला. 'बोधिसत्त्व' हा शब्द फारसी-अरबींतून जातांना 'बूदासफ' झाला; अरबी लिपींत 'ब' व 'य' यांत एका टिंबाचा फरक असल्यामुळें 'यूदासफ' झाला; जॉर्जियन व ग्रीक ओलांडून लॅटिनमध्यें 'जोसाफाट' झाला. रोमन पंचांगांत त्याचा दिवस २७ नोव्हेंबर होता. म्हणजे ज्या नांवाचा संत कधीं झालाच नाहीं त्याला दिवस मिळाला. पण त्याच्या मागें एक पुरुष खराच उभा होता, तो कपिलवस्तूचा निघाला. संशय घेणारा व श्रद्धा ठेवणारा, दोघांनाही ह्या कथेंत अर्धा-अर्धा विजय आहे.

आतां आपल्या सुशिक्षितांच्या एका सवयीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. येशू झालाच नाहीं, असें जे आवेशानें सांगतात त्यांतलेच कांहीं दुसऱ्या दिवशीं येशू हिंदुस्थानांत येऊन शिकला, असेंही सांगतात. नोटोविच ह्या रशियन प्रवाशानें १८९४ सालीं लडाखच्या हेमिस मठांत येशूचें गुप्त चरित्र सांपडल्याचा दावा केला. मॅक्सम्यूलर यानें त्याच वर्षीं त्यांतील विसंगति दाखविल्या. पुढल्या वर्षीं आग्र्याच्या कॉलेजांतील प्रोफेसर डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हां असा ग्रंथ आपल्या मठांत नाहीं असें मुख्य लामानें त्यांना सांगितलें. तरीही ही कथा आजतागायत छापली जाते. बाबाराव सावरकरांचा 'ख्रिस्तपरिचय' १९४६ सालीं निघाला. त्यांत ख्रिस्त मूळचा हिंदूच होता असें प्रतिपादन आहे. जो पुरावा यरुशलेमच्या येशूला पुरत नाहीं तो काश्मीरच्या येशूला मात्र भरपूर होतो, हा कोणता न्याय?

आणि घरांतली गोष्ट? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनीं 'भारद्वाज' ह्या टोपणनांवानें 'सुधारक' पत्रांत लेख लिहून ज्ञानेश्वरीकार व अभंगकार ज्ञानेश्वर हे दोन निराळे पुरुष होत, असें मांडलें, तेव्हां मोठें वादळ उठलें. वाद करणें योग्यच होतें. पण 'असा प्रश्न विचारणेंच पाप' असें म्हणणारेही थोडे नव्हते. माझें घराणें वारकरी. आमच्या घरीं ज्ञानेश्वरी वाचल्याशिवाय वडील जेवत नसत. म्हणून तें माप मीं प्रथम तेथेंच लावून पाहिलें. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं शके १२१२ हें वर्ष आहे, यादव राजा रामचंद्राचें नांव आहे, आणि त्या राजाचे शिलालेख आहेत. हा उत्तम पुरावा. पण जन्मशक कोणी ११९३ देतात, कोणी ११९७. म्हणजे येशूप्रमाणेंच येथेंही जन्मवर्ष निसटतें. भिंत चालविल्याची व रेड्याच्या मुखें वेद वदविल्याची कथा इतिहासाच्या पेटींत मावत नाहीं. समर्थ व शिवछत्रपति यांची पहिली भेट १६४९ मध्यें कीं १६७२ मध्यें, ह्यावर आपल्या विद्वानांचीं किती पुस्तकें खर्चीं पडलीं! हे पुरुष तर अगदीं अलीकडचे, आणि कागदपत्रांच्या युगांतले.

कागदपत्रांच्या युगांतही आठवण कशी घडते, हें ह्याच जिल्ह्यांत पाहावयास मिळतें. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्याकडून 'देवी' निघाली. अंगांत येणाऱ्यांच्या मुखानें 'दारू सोडा, स्नान करा' असें सांगत ती खानदेशाकडे व सुरतेकडे गेली. डेव्हिड हार्डिमन यांनीं १९८७ सालीं तिच्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. देवी आली कीं नाहीं हें ग्रंथ सांगत नाहीं. देवी आली असें मानून हजारों आदिवासींनीं दारू सोडली, हें तो सप्रमाण सांगतो. पुढें तळोदें तालुक्यांत मोरवड येथें गुला महाराज उदयास आले. कोणी त्यांना गुलाम महाराज म्हणतात. १९३८ सालीं ते वारले व त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. मी नव्यानेंच नोकरीस लागलों होतों त्या काळीं, लहानपणीं त्या मेळाव्यांस गेलेले दोन म्हातारे मला भेटले होते. एक म्हणाला माणसें दहा हजार होतीं, दुसरा म्हणाला लाख. एकाच्या आठवणींत पाऊस होता, दुसऱ्याच्या आठवणींत कडक ऊन. पण दारू सुटली, सकाळीं अंघोळ आली, आणि एकमेकांना 'आप' म्हणावयाचें ठरलें, ह्यावर दोघांत तिळमात्र फरक नव्हता. ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सर्वांनीं जन्मभर अरेतुरे केलें त्यांना कोणीतरी 'आप' म्हणावयास शिकविलें, ही गोष्ट साठ वर्षांनींही त्यांच्या आवाजांत ताजी होती. लोकांची संख्या व आभाळ विसरलें जातें. आपल्याला माणूस कोणीं केलें हें विसरलें जात नाहीं. पौलाचीं पत्रें व मार्काचें शुभवर्तमान वाचतांना मला त्या दोन म्हाताऱ्यांची आठवण होते.

आठ दिवसांनीं तो विद्यार्थी आला. मीं कागदावर तीन रकाने आखले: पक्कें, संभाव्य, आणि इतिहासाच्या बाहेरचें. पहिल्या रकान्यांत थोड्याच ओळी होत्या. त्यांत 'मनुष्य होऊन गेला' व 'वधस्तंभावर मेला' ह्या दोन होत्या. तिसरा रकाना सर्वांत मोठा झाला. तो म्हणाला, "सर, म्हणजे ज्याच्यावर आमचा सगळा विश्वास आहे तें तिसऱ्या रकान्यांत." मीं म्हटलें, "होय. आणि माझ्या वडिलांचा ज्याच्यावर विश्वास होता तेंही तिसऱ्याच रकान्यांत." त्याच कागदाच्या पाठीमागें मीं ज्ञानेश्वरांसाठींही तसेच तीन रकाने आखून ठेवले होते, ते मीं त्याला दाखविले. तो बराच वेळ कागद उलटसुलट करून पाहत राहिला. मजकूर पाठविणाऱ्या मित्राला हा कागद दाखवूं काय, असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "दोन्ही बाजू दाखव."

पुढें तो शिक्षकच झाला. पण मंडळींतलें रविवारचें काम त्यानें सोडलें नाहीं. आजीला कळूं द्यावयाचें नाहीं असें म्हणणाऱ्यानें शेवटीं तिला सारें सांगितलेंच. आजीनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तो मेला हें तरी तुझे सर खरें म्हणतात ना?" तो म्हणाला, "तें पक्कें म्हणतात." तेव्हां ती म्हणाली, "मग झालें. पुढचें मी बघतें."

ह्या म्हातारीनें इतिहास व श्रद्धा यांची हद्द जितकी नेमकी आंखली तितकी पुष्कळ पंडितांना आंखतां आलेली नाहीं. मेला इथवर साक्षीदारांचें काम; पुढचें ज्याचें त्यानें बघावयाचें. इतिहासानें त्या पुढच्या हद्दींत शिरून कोणाला खोटें ठरवूं नये, आणि श्रद्धेनें अलीकडच्या हद्दींत येऊन कागदावर आपल्या हातानें ओळी घालूं नयेत. संशय हा वाईट नव्हे. संशयावांचून जोसीफसच्या उताऱ्यांतील भर कोणाला कळली असती, किंवा जोसाफाटाच्या मागचा बुद्ध कोणाला दिसला असता? वाईट आहे तो दुसऱ्याच्या घरापुरता राखून ठेवलेला संशय. धान्याच्या बाजारांत घ्यावयाचें माप एक व द्यावयाचें माप एक ठेवणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतों, हें वाचकांस सांगावयास नको. विचाराच्या बाजारांतही त्याला तेंच नांव द्यावें.